मोटरसायकलीची वीज आणि फर्दापूरचा धडा

अजिंठ्याचीं लेणीं पाहण्यास आम्ही संभाजीनगराहून मोटरसायकलीनें निघालों आणि फर्दापुरास पोंचतांच गाडी बंद पडली. वर्षांतली ही तिसरी वेळ. पहिल्या वेळीं बॅटरी बदलली, दुसऱ्या वेळीं रेग्युलेटर. दोष मात्र कायम. वाचकांपैकीं अनेकांस हा अनुभव असेल. म्हणून या यंत्रांत वीज कशी शिरली, हें थोडक्यांत पाहणें अस्थानीं होणार नाहीं.

चुंबक व तारेचें वेटोळें यांच्या हालचालीनें वीज निर्माण होते, हें मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखविलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटरसायकलींत मॅग्नेटो रूढ झाला. तो ठिणगीपुरती वीज आपणच निर्माण करी. दिवा कार्बाइडच्या वायूवर जळे. बॅटरी नाहीं, तेथें ती भरण्याची चिंता कशाची? पुढें विजेचे दिवे आले आणि डायनॅमो व बॅटरी यांची जोडी जमली. डायनॅमोचे ब्रश झिजत. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू आल्टरनेटर आला. त्यांत चुंबक फिरतो, वेटोळीं स्थिर राहतात. परंतु त्याची वीज उलटसुलट वाहते. रेक्टिफायर तिला एका दिशेस वळवितो आणि रेग्युलेटर तिचा दाब आवरतो. १९८५ सालीं वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्या काळच्या बहुतेक दुचाक्या किक मारून चालूं होत. पुढें बटणाचा स्टार्टर रुळला. एप्रिल २०२० मध्यें भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर बहुतेक मोटरसायकलींत इंधनाचा फवाराहि विजेवर चालूं लागला. सोयीबरोबर परावलंबनहि वाढलें, तें असें.

फर्दापूरच्या तरुण मिस्त्रीनें कोणताहि भाग बदलला नाहीं. त्यानें प्रथम बॅटरीस उसना जोर देऊन इंजिन चालूं केलें व मीटर लावला. बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसावयास हवे होते, दिसले बारा. आल्टरनेटरच्या तिन्ही तारांत दाब सारखाच. रेग्युलेटरच्या तोंडाशीं चौदा पुरे. म्हणजे वीज वाटेंतच अडत होती! वायरी चाचपतां सीटखालीं एक जोड काळा पडलेला, प्लास्टिक वितळलेलें आढळलें. तो कापून नवा केला. बॅटरीवर चौदा व्होल्ट दिसले. अर्धपोटीं राहून मेलेली आमची जुनी बॅटरी निर्दोष होती.

फर्दापुरास उपचाराची ही कथा अगदींच नवी नाहीं. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनें अजिंठ्याचीं चित्रें वांचविण्यास सेक्कोनी व ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आणिले. त्यांनीं सुटलेला गिलावा बसविला, हें मोठेंच काम. परंतु चित्रांवर दिलेली लाख पुढें पिवळी पडली आणि ती काढण्याचें काम पुढील पिढ्यांवर आलें. तेथें उपायच नवें दुखणें झाला. आमचा उपाय केवळ व्यर्थ ठरला, एवढाच फरक. भाग बदलणें सोपें. कारण शोधण्यास धीर लागतो.

असो. लेणीं आम्हीं दुसऱ्या दिवशीं पाहिलीं. परततांना दिवा मंदावला नाहीं.