वाट कुणाची? जावा बेट, ज्वालामुखी आणि मोटारसायकल

आधी एक गैरसमज दूर करून टाकू. आपल्या वडिलांच्या पिढीत जिचा दबदबा होता त्या ‘जावा’ मोटारसायकलचा इंडोनेशियातल्या जावा बेटाशी काडीचाही संबंध नाही. १९२९ मध्ये प्रागच्या यानेचेक या कारखानदाराने वांडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलचा धंदा घेतला आणि दोन्ही नावांची रोमन लिपीतली पहिली दोन-दोन अक्षरं जोडून हे नाव बनवलं. पुढे ती गाडी म्हैसूरला बनायला लागली आणि आपल्याकडे घरोघरी पोचली. बेटाचं नाव आणि गाडीचं नाव सारखं, हा निव्वळ योगायोग.

आज मात्र मला खऱ्या जावाबद्दल सांगायचंय. माझी पीएचडी ज्वालामुखीच्या राखेपासून बनणाऱ्या मातीवर आहे, आणि या विषयात जावा टाळून पुढे जाताच येत नाही. पूर्व-पश्चिम हजारेक किलोमीटर लांबीचं हे बेट म्हणजे ज्वालामुखींची ओळच. त्यांच्या उतारांवर आज असंख्य लोक सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल घेऊन चिखलात, वाळूत, झाडीत शिरतात. मातीचा अभ्यास करणारं कुणीही हे बघून आधी कपाळाला हात लावेल. मीही लावला. पण या वाटांचा इतिहास वाचायला घेतला की प्रकरण तेवढं सरळ राहत नाही.

साखर कारखान्यातली गाडी

पूर्व जावात प्रोबोलिंगो नावाचं गाव आहे. समोर समुद्र, पाठीशी टेंगेर पर्वत आणि त्यात धुमसणारा ब्रोमो. इथल्या उंबुल साखर कारखान्यात जॉन पॉटर नावाचा इंग्रज मुख्य यंत्रकारागीर होता. डचांच्या ताब्यातल्या या मुलखात पहिली मोटारसायकल त्याने आणली, असं इंडोनेशियात सगळीकडे सांगितलं जातं, आणि साल दिलं जातं १८९३.

इथे जरा थांबा. ती गाडी होती म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची. तिचं पेटंट जानेवारी १८९४ चं, आणि कारखान्यातून गाड्या बाहेर पडायला लागल्या त्यानंतर. म्हणजे १८९३ हे साल जसंच्या तसं घेता येत नाही. एखाद-दोन वर्षं पुढे सरकवलं की हिशेब जुळतो. पहिलेपणाच्या गोष्टी सांगताना साल मागे सरकतं, हे कुठल्याही देशात बघायला मिळतं.

गाडी मात्र बघण्यासारखी होती. इंजिन १,४८९ सीसीचं, आणि ताकद फक्त अडीच हॉर्सपॉवर! आज जावाच्या डोंगरात फिरणाऱ्या गाड्या साधारण १५० सीसीच्या असतात, म्हणजे हिच्या एक दशांश. क्लच नाही, गिअर नाही, साखळी नाही. आगगाडीच्या इंजिनासारखे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले. ढकलत, पळत गाडी सुरू करायची आणि उडी मारून बसायचं. वेग ताशी ४५ किलोमीटरपर्यंत. अशी गाडी सपाट रस्त्यावरच चालणार. तो रस्ताही तयार होता. गव्हर्नर-जनरल डेंडल्स याने १८०८ मध्ये बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे १,००० किलोमीटरचा टपालरस्ता वेठबिगारीवर बांधून घेतला होता, आणि तो प्रोबोलिंगोवरूनच जातो.

साखळी कशी आहे बघा. ज्वालामुखीने माती दिली, मातीने ऊस दिला, उसावर कारखाना उभा राहिला आणि कारखान्यातल्या माणसाने मोटारसायकल आणली. डोंगरावर चढायला तिला अजून बराच वेळ होता.

डोंगरातल्या वाटा कुणी पाडल्या?

मोटारसायकल येण्याच्या कितीतरी आधी डोंगरात वाटा होत्या. १८३० पासून डच सरकारने सक्तीची लागवड सुरू केली. शेतकऱ्याने सांगितलेलं पीक घ्यायचं आणि सरकारच्या भावाने घालायचं. सखल भागात ऊस आणि नीळ, उतारांवर कॉफी. ती कॉफी माणसांच्या खांद्यावरून, घोड्यांच्या पाठीवरून खाली यायची. त्यात गवत कापणाऱ्यांच्या वाटा, लाकूडफाट्याच्या वाटा आणि देवाच्या वाटा मिसळल्या.

देवाच्या वाटा म्हणजे काय, ते टेंगेरमध्ये कळतं. ब्रोमोभोवती सुमारे २,१०० मीटर उंचीवर जवळपास ५,२५० हेक्टरांचं वाळूचं मैदान आहे. त्याला वाळूचा समुद्रच म्हणतात. भोवतालच्या गावांतले टेंगेर लोक हिंदू आहेत. दरवर्षी कसदा सणाला ते हे मैदान ओलांडून ब्रोमोच्या तोंडाशी जातात आणि भाजीपाला, धान्य, कोंबड्या विवरात अर्पण करतात. त्या सणाच्या नावात चक्क ‘यज्ञ’ हा शब्द आहे! डचांनी १९१९ मध्ये या वाळूला संरक्षण दिलं आणि १९८२ मध्ये हा भाग राष्ट्रीय उद्यान जाहीर झाला.

मग मोटारसायकल वर कधी आली? यामाहाने १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी डीटी-१ ही रस्त्यावर आणि रस्ता सोडूनही चालणारी स्वस्त गाडी काढली आणि या प्रकाराला जगभर वाट मोकळी झाली. १९७१ पासून इंडोनेशियात होंडाची जुळणी सुरू झाली. नंतर यामाहा आणि सुझुकीच्या लहान ट्रेल गाड्या डोंगरात दिसू लागल्या. २००९ मध्ये कावासाकीची केएलएक्स १५० आली, २०१७ मध्ये होंडाची सीआरएफ १५०. आता इंडोनेशियन भाषेत ‘ट्रेल’ म्हणजे वाट नाही, गाडी! आणि ही गाडी घेणारा फक्त शहरातला हौशी नसतो. कोबी, बटाटे, चाऱ्याचे भारे, खताच्या गोण्या वाहणारा शेतकरीही तीच गाडी वापरतो. कावड गेली, घोडा मागे पडला, त्या जागी ती आली.

या खेळाला तिथे ‘त्रबास’ म्हणतात. जावानीज भाषेत याचा अर्थ आडवाटेने, मधूनच घुसून जाणं. याच धातूवरून आलेला ‘मेनेराबास’ हा शब्द मानववंशशास्त्रज्ञ कुंचरनिंग्रत यांनी १९७० च्या दशकात आपल्या समाजावर टीका करताना वापरला. कष्ट टाळून मधल्या वाटेने पुढे जायची वृत्ती, असा अर्थ त्यांना अभिप्रेत होता. एकाच शब्दात रविवारची मजा आणि समाजाची दुखरी नस, दोन्ही आली.

माती काय करते?

आता माझ्या विषयाकडे येते. ज्वालामुखीची राख पावसात हजारो वर्षं कुजली, झिजली की तिची एक खास माती तयार होते. तिला अँडोसोल म्हणतात. मूळ जपानी शब्दांचा अर्थ ‘काळी माती’. पण आपल्या काळ्या रेगूरशी हिची गल्लत करू नका. ही माती विलक्षण हलकी असते. एक घन सेंटिमीटर मातीचं कोरडं वजन ०.९ ग्रॅम किंवा त्याहून कमी. तिच्यात अ‍ॅलोफेन नावाचं खनिज असतं, पाच नॅनोमीटरच्या आसपासचे पोकळ गोळे समजा. त्यामुळे ती स्पंजसारखं पाणी धरते. हातात घेतली तर कोरडी वाटते, पण बोटांत दाबून चोळली की पाणी सोडते आणि साबणासारखी निसरडी होते.

आता बोटांच्या जागी मोटारसायकलचं चाक आणा. चाक दाबतं, माती पाणी सोडते, चाक घसरतं, चालवणारा आणखी गॅस देतो, चाक आणखी रुततं. एकामागून एक पन्नास गाड्या गेल्या की चाकोरी पडते. पुढच्या पावसाचं पाणी उतारावर पसरण्याऐवजी चाकोरीतून धावतं आणि चाकोरीची घळ होते. शिवाय ही माती उघडी पडून एकदा पूर्ण वाळली की पूर्वीइतकं पाणी पुन्हा धरत नाही. भुगा होतो आणि वाहून जातो.

ब्रोमोच्या वाळूत गोष्ट वेगळी. तिथे माती बनायला राखेला सवडच मिळालेली नाही. नवी राख येत राहते, वाऱ्याने चाकांच्या खुणा बुजतात. म्हणजे तीच गाडी एका ठिकाणी खूण ठेवत नाही आणि पन्नास-शंभर किलोमीटरवरच्या जुन्या, झाडीने झाकलेल्या उतारावर घळ पाडते. ‘मोटारसायकलने डोंगराचं नुकसान होतं का?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, ते यामुळे. कुठला उतार, किती जुनी राख, किती ओल आणि किती गाड्या, हे आधी विचारावं लागतं.

दोन प्रसंग

मार्च २०२३ मध्ये पश्चिम जावात बांडुंगजवळ रांचा उपास इथे मोठ्या संख्येने ट्रेल गाड्या जमल्या होत्या. तिथल्या दलदलीत एक दुर्मीळ फूल येतं, लोक त्याला दलदलीतलं एडलवाइस म्हणतात. गाड्या त्या जागेवरून गेल्या आणि फुलांचा चिखल झाला. ती रोपं जपणाऱ्या स्थानिक माणसाचा संताप व्हिडिओतून देशभर पोचला. तो माणूस डोंगरातलाच. मोटारसायकलवर त्याचा राग नव्हता, विचारपूस न करता घुसण्यावर होता.

दुसरा प्रसंग मध्य जावातल्या मेरापीचा. २६ ऑक्टोबर २०१० रोजी उद्रेक सुरू झाला. योग्यकर्ताच्या सुलतानाने नेमलेले पर्वताचे रखवालदार म्बाह मारिजान (म्बाह म्हणजे आजोबा) किनाहरेजो गावातच थांबले आणि गेले. ५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर सर्वांत मोठा स्फोट झाला आणि तप्त राख-वायूचा लोट गेंडोल नदीतून सुमारे पंधरा किलोमीटर खाली आला. सगळे मिळून साडेतीनशेच्या वर माणसं दगावली. घरं, गुरं, शेतं राखेखाली गेली.

पेतुंग गावातल्या एका जळक्या घरात आता छोटं संग्रहालय आहे. नाव ‘सिसा हार्ताकु’, म्हणजे माझ्या मालमत्तेतलं जे उरलं ते. तिथे वितळून थांबलेलं घड्याळ आहे, गुरांचे सांगाडे आहेत, आणि मोटारसायकलींचे सांगाडेही आहेत. उद्रेकानंतर घरं खाली हलवली गेली, वर राहायला बंदी आली. पण जमीन वरच होती आणि गुरांचा चाराही वरच. मग लोक मोटारसायकलवर रोज वर जाऊ लागले. बघ्यांची गर्दी व्हायला लागली तशा ट्रेल गाड्या भाड्याने दिल्या जाऊ लागल्या, आणि जीपही फिरू लागल्या. गुरं गेलेल्या घराला त्यावर दोन पैसे मिळाले. अशा माणसाला ‘उतारावर चाक नेऊ नकोस’ असं मी कुठल्या तोंडाने सांगणार?

मग नियम कुणी करायचा?

टेंगेर लोकांकडे याचं एक उत्तर आहे, आणि मला ते संशोधनाच्या दृष्टीनेही पटतं. त्यांच्या पंचांगातला सातवा महिना व्रताचा असतो. त्या महिन्यातल्या ठरावीक दिवशी वाळूच्या समुद्रात मोटारींना बंदी घातली जाते. माणूस आणि घोडा चालतो. नियम उद्यान प्रशासन काढतं, पण त्यामागे गावांची श्रद्धा आहे, म्हणून तो पाळला जातो. कायमची बंदीही नाही आणि मोकाट मुभाही नाही. कधी, कुठे आणि कुणी विचारून, एवढंच ठरलेलं.

आपल्यालाही हे लांबचं नाही. सह्याद्री ज्वालामुखीचाच, फक्त त्याचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सड्यांवर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरच असतो आणि त्यावर पावसाळ्यात चार महिने फुलं येतात. तिथे नवी राख पडून चाकोरी बुजणार नाही. तेव्हा पुढच्या पावसात गाडी घेऊन डोंगरात निघालात तर वाटेवरच्या पहिल्या वाडीत थांबा आणि विचारा, ही वाट कुणाची आहे, आणि आत्ता तिच्यावरून गाडी नेली तर चालेल का.