बालसखी प्रयोग

मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांमध्ये २००१ ते २००३ या काळात झालेली शिक्षण-अर्थशास्त्रीय चाचणी. 'प्रथम' संस्थेच्या उपक्रमाचे मूल्यमापन अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर द्युफ्लो व ली लिंडेन यांनी केले. वस्तीतील तरुणी, म्हणजे बालसखी, वाचन-गणितात मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना वर्गाबाहेर नेऊन रोज सुमारे दोन तास पायाभूत कौशल्ये शिकवीत. मानधन अत्यल्प होते, नियमित शिक्षकाच्या पगाराचा छोटासा अंश.

कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळेल हे यादृच्छिक निवडीने ठरले, म्हणून तुलना विश्वसनीय ठरते. सरासरी गुण पहिल्या वर्षी ०.१४ व दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. सर्वांत बोलका निष्कर्ष वेगळाच आहे. फायदा बालसखीकडे गेलेल्या मुलांनाच झाला. मूळ वर्गातील पटसंख्या घटूनही तिथे उरलेल्यांच्या गुणांत फरक दिसला नाही. केवळ वर्ग लहान करण्यावर खर्च करणाऱ्या धोरणकर्त्यांनी याची गंभीर दखल घ्यायला हवी. उपक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरात लाभ बराच ओसरला, ही मर्यादाही महत्त्वाची. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. बॅनर्जी व द्युफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.