भायखळ्याच्या बाजारातली नवरी आणि आजची हळद

एप्रिल-मे आला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या बौद्धवाड्या गजबजतात. मुंबईहून चाकरमानी उतरतात, एसटी आणि कोकण रेल्वे भरून वाहते, अंगणात मंडपाचे खांब उभे राहतात. ज्या घरात लेकीचे लग्न असते तिथे शेवटचे दोन-तीन आठवडे कुणाला श्वास घ्यायला सवड नसते. साड्यांचे फॉल-पिको, शिवायला टाकलेले ब्लाऊज, पार्लरवाली, मेंदीवाली, हळदीसाठी वेगळे पिवळे कपडे, प्री-वेडिंग शूट, बॅनर, डीजेचा अॅडव्हान्स. लग्नपत्रिकेवर तथागत आणि बाबासाहेब असतातच, माता रमाईंचाही फोटो असतो. तो फोटो छापताना आम्ही कधी विचारतो का, की त्या रमाईंच्या लग्नाची तयारी काय होती?

दापोलीजवळचे वणंद हे रमाईंचे गाव. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावर वाहून पोट भरायचे. आई रुक्मिणी लेकरे लहान असतानाच गेली, पाठोपाठ वडीलही गेले. पोरकी भावंडे नातेवाइकांनी मुंबईला आणली, भायखळ्याला. सुभेदार रामजींनी आपल्या भीमासाठी मुलगी पाहिली ती तिथे. लग्नाच्या सालाबद्दल चरित्रकारांत मतभेद आहेत, कुणी १९०६ देतात, कुणी १९०८. रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा. म्हणजे कुठलेही साल धरा, नवरी आठ ते दहा वर्षांची होती.

लग्न लागले भायखळ्याच्या बाजारात. दिवसाचा बाजार उठल्यावर ती शेड मोकळी व्हायची. एका कोपऱ्यात वराकडची मंडळी, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडची. मासे ठेवायचे दगडी ओटे हीच बसायची बाके. पायाखालून गटाराचे पाणी वाहत होते. पहाटे कोळणी आणि विक्रेते यायच्या आत सगळे आटोपून जागा रिकामी करायची होती. ज्या मुलीच्या बापाने जन्मभर माशांच्या टोपल्या वाहिल्या, तिच्या अंगाला हळद लागली तीही मासळीच्या वासात.

आमच्या सभांत हा प्रसंग सांगताना वक्त्यांचा गळा दाटून येतो, आणि ते खोटे नसते. पण लगेच पुढचे वाक्य येते, ‘केवढा हा त्याग!’ इथे आम्हाला थांबावेसे वाटते. पुढे रमाईंनी जे सोसले तो त्यागच होता. बाबासाहेब अमेरिका आणि लंडनला असताना काढलेले उपाशी दिवस, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न या चार लेकरांचे मृत्यू, हे सारे त्यांनी जाणतेपणी सोसले. पण नऊ वर्षांच्या पोरीने बोहल्यावर उभे राहणे हा त्याग नव्हे. त्याग करायला आधी निवड लागते. तिला कुणी विचारले नव्हते, कारण विचारायची पद्धतच नव्हती. भीमालाही कुणी विचारले नसावे. सुभेदारांना किंवा मामा-काकांना दोष देण्यात अर्थ नाही. पोरक्या मुलीचे हात पिवळे करून टाकणे हीच त्या काळात माया होती.

मग दोष कुणाचा? याचे उत्तर त्याच लग्नातल्या नवऱ्या मुलाने दिले आहे. ९ मे १९१६ रोजी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जात म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, हे त्याचे सूत्र. ही कुंडी बंद ठेवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही तीन कुलुपे लावली गेली, असे त्यांनी तिथे मांडले. मुलीला आपले मन कळण्याआधीच तिला जातीत बांधून टाकायचे, म्हणजे ती जातीबाहेर पाहणारच नाही. पंचविशीतला हा तरुण पुस्तकी गोष्ट सांगत नव्हता. भायखळ्याच्या त्या रात्रीला तेव्हा दहाच वर्षे होत आली होती, आणि त्याची रामू मुंबईत कशीबशी घर चालवत होती. निबंधात स्वतःच्या लग्नाबद्दल एक अक्षर नाही. आम्ही मात्र तो निबंध त्या लग्नाशेजारी ठेवून वाचतो.

लग्नाआधीच्या आठवड्यांतली ती जुनी तयारी आठवून बघा. मुहूर्तमेढ, देवक बसवणे, घाणा भरणे, तेलवण, हळद, हिरवा चुडा. प्रत्येक विधी नवरीला काहीतरी शिकवतो. देवक सांगते, तू अमुक कुळाची. चुडा सांगतो, आता तुझे मोल नवऱ्याच्या आयुष्यावर. हळदीला पाच सवाष्णी बोलवतात, म्हणजे नवऱ्यावाचून बाई अशुभ, हे तिच्या अंगाला चोळूनच सांगतात. वरच्या जातींनी हे आपल्या मुलींना शिकवले आणि खालच्या जातींनी त्यांचे पाहून उचलले. बाबासाहेबांच्या भाषेत हे अनुकरण. गंमत अशी की अनुकरण करायचे, पण पुरते करायचे नाही, असाही दंडक होता. १९२८ च्या सुरुवातीला इंदूर भागातल्या बलाई समाजावर सवर्णांनी नियम लादले. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, भारी घागरे-चोळ्या घालायच्या नाहीत. ‘जातिप्रथेचे उच्चाटन’मध्ये बाबासाहेबांनी हा दाखला दिला आहे. नवरी अंगावर काय घालते हा प्रश्न म्हणूनच कधी नुसत्या हौसेचा नव्हता.

महाडला हेच घडले, उलट्या बाजूने. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी वेगळे बोलले. गुडघ्यापर्यंत खोचलेले लुगडे, गळाभर माळा, कोपरापर्यंत चढवलेले कथलाचे नि चांदीचे दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, असे त्यांनी सांगितले. मुलींना शाळेत घाला, हेही सांगितले. दुसऱ्या दिवशी बायका पायघोळ लुगडी नेसून आल्या. नेसायला शिकवले महाडच्या टिपणीस कुटुंबातल्या स्त्रियांनी. मंडणगड, दापोली, खेडपासून महाड काही लांब नाही. तिथल्या घराघरांत हे लोण पोचले. ज्या आज्यांनी ते दागिने उतरवले त्यांतल्या काहींच्या आठवणी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये जमवल्या आहेत. ऊर्मिलाताई स्वतः रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या. लग्नाची खरेदी करण्याआधी मुलींनी ते पुस्तक चाळावे, असे आम्ही हक्काने सांगतो.

पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी लग्नाला सरळ हात घातला. मुलींच्या लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झाल्यावर बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, त्याच्या बरोबरीने उभे राहावे, गुलाम होऊ नये, हा त्या भाषणाचा गाभा. वराच्या बाजूने कुणी हे बोलले असते तर तेव्हाच्या कुठल्याही मंडपात दंगा झाला असता. आजही होईल.

आता रत्नागिरीच्याच दुसऱ्या नवरीकडे येऊ. डॉ. शारदा कबीर यांचे घराणे राजापूर तालुक्यातल्या डोर्ले गावचे, जात सारस्वत. वणंद आणि डोर्ले एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना. शारदाताई वैद्यकीय पदवी घेतलेल्या, मुंबईत डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या, स्वतः कमावणाऱ्या. बाबासाहेबांची प्रकृती ढासळलेली असताना त्यांची ओळख झाली. मार्च १९४८ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्राने आपला निर्णय कळवला. नंतरचे आठवडे पत्रांत गेले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत १, हार्डिंग अव्हेन्यू या बंगल्यात नोंदणी पद्धतीने विवाह झाला. ना देवक, ना घाणा, ना सवाष्णी. कागद होता आणि त्यावर वधूने स्वतःच्या हाताने केलेली सही होती.

माईसाहेबांबद्दल चळवळीत जे वाद झाले ते आम्ही इथे उकरणार नाही. त्यात आमच्यातल्या पुरुषांनी जे बोलायला नको होते तेही बोलले. पण दोन्ही लग्ने शेजारी ठेवली की एक गोष्ट लख्ख दिसते. या दोन नवऱ्यांमधला फरक गुणांचा नाही. रमाईंच्या मनाचा मोठेपणा किती होता हे बाबासाहेबांनी आपला पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांना अर्पण करून जगाला सांगितले. फरक आहे जातीने कुणाला काय मिळू दिले याचा. डोर्ल्याच्या मुलीला शाळा, कॉलेज, पदवी आणि होकार-नकार द्यायचा वेळ मिळाला. वणंदच्या मुलीला माशांच्या टोपल्यांमागचे घर मिळाले, आणि तेही टिकले नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की नवरीची खरी तयारी लग्नाआधीच्या तीन आठवड्यांत होत नाही, ती आधीच्या वीस वर्षांत होते. शेवटच्या तीन आठवड्यांत फक्त दिसते, की झाली होती की नव्हती.

शेवटचा कागद ४ डिसेंबर १९५६ चा, महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधीचा. कर्डक नावाच्या कार्यकर्त्याला बाबासाहेबांनी बौद्ध विवाहाची रीत पत्राने कळवली. होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांच्या मध्ये चौरंगावर नवे मडके ठेवावे, ते पाण्याने काठोकाठ भरावे. दोघांनी दोन बाजूंना उभे राहावे. मडक्यातल्या पाण्यात सुती धागा सोडावा, त्याचे एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. कुणीतरी मंगलसुत्त म्हणावे. दोघांनी पांढरी वस्त्रे घालावीत. संपले. मडके, धागा आणि दोन पांढरी वस्त्रे! एवढ्या तयारीला बापाला सोसायटीचे कर्ज लागत नाही.

पांढऱ्या साडीला सुरुवातीला घरातूनच विरोध झाला. पांढरे म्हणजे सुतकाचे, विधवेचे, असे ऐकत वाढलेल्या आज्या कचरल्या. त्यांना सांगायला हवे होते की महाराष्ट्रात ब्राह्मण विधवेला लाल आलवण नेसवत, मग लाल शालू मंगल कसा? रंगाला अर्थ माणसे चिकटवतात. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी माईसाहेब पांढरी साडी नेसूनच बाबासाहेबांशेजारी दीक्षेला उभ्या होत्या.

कोकणात बौद्धजन पंचायत समितीने आणि बौद्धाचार्यांनी ही रीत वाडीवाडीत नेली, टिकवली. देवक गेले, भटजी गेला. पण हळद मागच्या दाराने आली, आता तर पुढच्या दाराने डीजे लावून येते. कार्यकर्ते चिडतात, दमदाटी करतात, मंडपात भांडणे होतात. आमचा त्यांच्याशीही थोडा वाद आहे. साधेपणाचा उपदेश नेहमी वधूच्या आईलाच का? वराकडच्या मानपानाची यादी वाचून दाखवायला कुणी उठत नाही. आणि मुली म्हणतात, ‘हळद म्हणजे काय, मसाल्याच्या डब्यातली वस्तू, मज्जा असते एक दिवस.’ ठीक आहे, मज्जाच असेल तर एक परीक्षा घ्या. नवरीची विधवा मावशी, टाकलेली आत्या, लग्न न केलेली शिक्षिका ताई, यांना पहिली हळद लावायला बोलवा. बोलावले आणि कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही, तर ती खरेच मसाल्याच्या डब्यातली हळद. आठी पडली, तर १९२७ ला महाडला जे जाळले ते मंडपात येऊन बसले आहे.

या हंगामात ज्या वाडीत लग्न आहे तिथल्या तरुणांना एवढे सांगायचे आहे. डीजेला अॅडव्हान्स देण्याआधी मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी भरली का, ते पाहा. विवाह नोंदणीचा अर्ज ग्रामपंचायतीत तिला स्वतः नेऊ द्या, नाव, वय, पत्ता तिला स्वतः लिहू द्या, तीन साक्षीदारांत एक तरी तिच्या पसंतीची बाई असू द्या. मंगल परिणयाच्या वेळी धाग्याचे टोक तिच्या हातात कुणी गुंडाळून देऊ नका, ती धरेल. आणि लग्न मेमध्ये असेल तर २७ मे लक्षात ठेवा. १९३५ साली त्याच दिवशी रमाई राजगृहात गेल्या, वयाच्या ३७ व्या वर्षी. त्यांचा फोटो पत्रिकेवर छापलाच आहे, तर मंडपात कुणीतरी पाच मिनिटे उभे राहून भायखळ्याच्या त्या बाजाराची गोष्टही सांगा, नवरीच्या वयासकट.

जय भीम!