नोट प्रेस आणि प्रेस नोट

नाशिकरोडच्या एखाद्या जुन्या वसाहतीत ‘तो प्रेसमध्ये आहे’ असे कुणी म्हणाले, तर तो पत्रकार आहे असा त्याचा अर्थ सहसा कुणी घेत नाही. तो छापखाना चालवतो, असाही घेत नाही. नोटा, टपाल तिकिटे, मुद्रांक आणि पारपत्रे छापणाऱ्या सरकारी कारखान्यात त्याला नोकरी आहे, एवढाच त्याचा अर्थ. तेच वाक्य नाशिक शहरात वर्तमानपत्राच्या कचेरीजवळ उच्चारले की अर्थ पालटतो. खानदेशातल्या एखाद्या वृद्ध कापूस व्यापाऱ्यासमोर उच्चारले, तर त्याच्या डोळ्यांपुढे तिसरेच यंत्र उभे राहील. शब्दांचा क्रम बदलला तरी केवढा फरक पडतो पाहा. नोट प्रेसमध्ये पैसे छापले जातात. प्रेस नोट मात्र पैसे न देता छापून यावी म्हणून धाडली जाते.

इंग्रजीत हा एकच शब्द आहे. मराठीत तो एक राहिलेला नाही, निदान तीन-चार झाला आहे. हे तीन-चार शब्द वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या वाटांनी आणि वेगवेगळ्या माणसांबरोबर आपल्याकडे आले. भाषेत परका शब्द येतो तेव्हा त्याचा सारा गोतावळा त्याच्यासोबत येत नाही. ज्या कामासाठी बोलावले त्या कामापुरता तो येतो, आणि पुढे इथेच त्याचे नवे सोयरसंबंध जुळतात. ‘प्रेस’च्या बाबतीत हे सोयरसंबंध नाशिकइतके गुंतागुंतीचे दुसरीकडे क्वचितच झाले असतील.

मुळात अर्थ साधा आहे: दाबणे. दाबण्याचे यंत्र तेही प्रेस. युरोपात द्राक्षे पिळण्यासाठी स्क्रूचे दाबयंत्र फार पूर्वीपासून वापरात होते. पंधराव्या शतकाच्या मध्यास माइन्झच्या गुटेनबर्गने खिळे जुळवून छपाई सुरू केली, तेव्हा कागदावर दाब देण्यासाठी याच जातीचे यंत्र त्याच्या कामी आले. यंत्राचे नाव छापखान्याला मिळाले, छापखान्याचे वर्तमानपत्रांना, आणि वर्तमानपत्रांचे ती चालवणाऱ्या साऱ्या वर्गाला. इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात या पायऱ्या अजून एकाच जिन्याच्या असतात. ‘फ्रीडम ऑफ द प्रेस’ म्हणताना यंत्र आणि स्वातंत्र्य एकाच शब्दात नांदतात. मराठीत आपण ‘वृत्तपत्रस्वातंत्र्य’ म्हटले की यंत्र गळून पडते, आणि ‘मुद्रणस्वातंत्र्य’ म्हटले की बातमीदार गळून पडतो.

आपल्याकडे छपाईसाठी शब्द नव्हता असे मुळीच नाही. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग काढले, त्या काळापासून ‘छापखाना’ हा शब्द मराठीच्या अंगवळणी पडत गेला. आणि ‘छाप’ या शब्दाचा पसारा इंग्रजी शब्दाहून कमी नाही. छापा म्हणजे मुद्रण, छापा म्हणजे नाण्याची एक बाजू, आणि छापा म्हणजे पोलिसांची अचानक पडलेली धाड. ‘छापखान्यावर छापा’ हा शब्दखेळ वाटतो खरा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती अनेक मुद्रकांच्या वाट्याला आलेली रोजची धास्ती होती. ‘मुद्रा’ या संस्कृत शब्दाचेही तेच: शिक्का, ठसा आणि नाणे. छपाई आणि पैसा यांचे नाते आपल्या भाषेने इंग्रजांची वाट न पाहता आधीच जुळवून ठेवले होते.

तरीही ‘प्रेस’ आला आणि ‘छापखान्या’शेजारी राहू लागला. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पिढीने एकीकडे आर्यभूषण छापखाना काढला, तर दुसरीकडे रंगीत चित्रांची चित्रशाळा ‘चित्रशाळा प्रेस’ म्हणून नावारूपाला आली. लोणावळ्याजवळच्या रविवर्मा प्रेसमध्ये काही काळ काम केलेला, त्र्यंबकेश्वरी जन्मलेला एक कारागीर पुढे स्वतःचा छपाईचा व्यवसाय थाटून बसला आणि मग चित्रपटाकडे वळला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्यांच्या चरित्रातला हा छपाईचा अध्याय सहसा दोन ओळींत उरकला जातो, हे खटकते. चित्र कसे वठते याचे पहिले शिक्षण त्यांना कॅमेऱ्याबरोबरच दगडावर आणि ब्लॉकवरही मिळाले होते.

कापसाचा प्रेस निराळा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचे मोल आले. कापूस बोटीने न्यायचा तर त्याचा फुगारा दाबून घट्ट गाठी बांधाव्या लागतात. त्यासाठी वाफेवर चालणारे दाबयंत्र गावोगाव आले आणि ‘जिन-प्रेस’ हा जोडशब्द रूढ झाला. या प्रेसचा अक्षराशी काडीमात्र संबंध नाही. पण शेतकऱ्याच्या कानावर हा शब्द पडला तो बहुधा इथेच, वर्तमानपत्र त्याच्या घरी येण्याच्या कितीतरी आधी. कपड्यांच्या प्रेसला मात्र मराठीत फारशी जागा मिळाली नाही. ती जागा ‘इस्त्री’ने आधीच धरली होती.

कायद्याला मात्र ‘प्रेस’चा अर्थ पक्का ठाऊक होता. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने छापखाना बाळगणाऱ्याला दंडाधिकाऱ्यापुढे तसे प्रतिज्ञापत्र करणे भाग पाडले, आणि छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व ठिकाण देणे सक्तीचे केले. मराठी पुस्तकाच्या आरंभी किंवा अखेरी ‘मुद्रक’ म्हणून जी ओळ आपण न वाचता पुढे जातो, ती या सक्तीची खूण आहे. सौजन्याचा तिच्यात भाग नव्हता. काही घडले तर कुणाला धरायचे, याची ती नोंद होती.

आणि नाशकात काही घडले. गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती कवितांचे एक छोटे पुस्तक छापून प्रसिद्ध केल्याबद्दल. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९१० मध्ये, नवा प्रेस अ‍ॅक्ट संमत झाला. केवळ नाशिकमुळे हा कायदा आला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. बंगालमधील घटना होत्याच, आणि १९०८ च्या कायद्याने छापखाने जप्त करण्याची वाट आधीच मोकळी केली होती. पण कलकत्त्याच्या कायदेमंडळात हा विषय निघाला तेव्हा नाशिकचे नाव ताजे होते, हेही तितकेच खरे.

या कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. नवा छापखाना काढणाऱ्याने पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत अनामत ठेवायची. आक्षेपार्ह काही छापले गेले तर अनामत जप्त, पुन्हा तसे घडले तर वाढीव अनामतीबरोबर यंत्रही जप्त. छापखान्याच्या व्याख्येत यंत्रे, खिळे, शिळाछापाचे दगड, अवजारे असे सारे काही घातले होते. लेखकाला तुरुंगात टाकले तरी दुसरा लेखक उभा राहतो. दुसरे यंत्र मात्र विकतच घ्यावे लागते, हे इंग्रज राज्यकर्त्यांनी नेमके हेरले होते. त्या काळचे पाचशे रुपये म्हणजे तालुक्याच्या गावातल्या मुद्रकाचे कंबरडे मोडणारी रक्कम. ‘प्रेस’चा जो जुना अर्थ, दाब, तो या कायद्याने मुद्रकालाच दाखवला.

सप्रू समितीच्या शिफारशीनंतर १९२२ मध्ये हा कायदा रद्द झाला. आणि त्याच सुमारास सरकारच्या मनात दुसऱ्याच एका प्रेसचा विचार घोळू लागला होता. हिंदुस्थानची टपाल तिकिटे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत, नोटाही इंग्लंडातच छापल्या जात. ही छपाई देशात करता येईल का, हे तपासण्याचे काम टाकसाळीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल विलिस आणि मुद्रण व लेखनसामग्रीचे नियंत्रक अ‍ॅस्कोली यांच्याकडे आले. जागा ठरली नाशिकरोडची. हवा वर्षभर बेताची, आणि मुंबईशी थेट लोहमार्ग. कागद हवामानानुसार आकसतो-फुगतो, म्हणून पहिले कारण वाटते त्याहून मोठे. १९२५ मध्ये सिक्युरिटी प्रेस सुरू झाला, १९२६ पासून तिकिटे बाहेर पडू लागली, १९२८ मध्ये नोटांची छपाई सुरू झाली आणि १९३२ पर्यंत हिंदुस्थानच्या साऱ्या दर्शनी किमतींच्या नोटा इथे छापल्या जाऊ लागल्या.

ज्या जिल्ह्यात कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली, तिथेच पंधरा-सोळा वर्षांनी राजाचे चित्र लाखांच्या संख्येने छापणारा कारखाना उभा राहिला. नाशिककरांनी या दुसऱ्या गोष्टीला शब्द बहाल केला. पहिल्या प्रेसने माणसे तुरुंगात गेली, दुसऱ्याने पगार दिला, क्वार्टर दिली, पेन्शन दिली. आसपासच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरे इथे लागली, मग त्यांची पोरे लागली. ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ हे लग्न ठरवताना पुरेसे वर्णन होते. संस्थेचे अधिकृत नाव ‘भारत प्रतिभूति मुद्रणालय’, नोटांच्या विभागाचे ‘चलार्थ पत्र मुद्रणालय’. चलार्थ पत्र मुद्रणालयात कुणी नोकरीला लागल्याचे आम्ही अद्याप ऐकलेले नाही. महापौर, दिनांक असे शब्द ज्यांनी मराठीला दिले ते स्वातंत्र्यवीर सावरकर याच परिसरातल्या भगूरचे. भाषाशुद्धीच्या काटेकोर दृष्टीने ‘छापखाना’देखील चालणार नाही, कारण ‘खाना’ फारसी. उरते ते ‘मुद्रणालय’. पण पगाराच्या दिवशी उच्चारला जाणारा शब्द बदलणे कुणालाच साधत नाही.

नोट प्रेस आहे जेल रोडवर. त्याच नाशिकरोडच्या कारागृहात फेब्रुवारी १९३३ मध्ये साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. एकाच रस्त्यालगत एकीकडे सरकारच्या वचनाचे कागद छापले जात होते आणि दुसरीकडे सरकारचा कैदी हस्तलिखित लिहीत होता. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही, पण तो नोंदवल्याविना राहवतही नाही.

फाळणीच्या वेळचा प्रसंग मात्र योगायोगाचा नाही. १४ ऑगस्ट १९४७ ला पाकिस्तान झाले. त्याच्याकडे असा प्रेस नव्हता. मग सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या भारतीय तिकिटांवर ‘पाकिस्तान’ अशी अक्षरे नाशकातच उमटवली गेली आणि १ ऑक्टोबर १९४७ पासून ती तिकडे वापरात आली. तिकीटसंग्राहक कराची-लाहोरच्या स्थानिक ठशांपासून वेगळी ओळखण्यासाठी त्यांना ‘नाशिक ओव्हरप्रिंट’ म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवरही इंग्रजीत व उर्दूत ‘पाकिस्तान सरकार’ अशा अर्थाची अक्षरे इथेच छापली गेली. १९४८ मध्ये त्या तिकडे चलनात आल्या. एका देशाचे दोन होत असताना, गाड्या भरून माणसे कापली जात असताना, नाशिकरोडचे कामगार दोन्ही देशांच्या कागदावर शाई चढवत होते. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट, तिरंग्याचे, २१ नोव्हेंबर १९४७ ला निघाले, तेही नाशिकचेच. मात्र १५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची तिकिटे स्वित्झर्लंडमध्ये छापून घेतली गेली. तसल्या फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीची तिकिटे नाशिकने काढली ती १९५२ मध्ये, आणि त्यांवर चित्रे होती कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथांची. ज्या शहरात कविता गुन्हा ठरली होती, तिथून सहा कवी सरकारी खर्चाने देशभर गेले.

वर्तमानपत्रांचा प्रेसही नाशकात होताच. दादासाहेब पोतनिसांचे ‘गांवकरी’ १९३८ चे. पण पत्रकार या अर्थी ‘प्रेस’ रूढ झाला तो बराच नंतर, आणि मुख्यत्वे मोटारसायकलींवर. ‘पत्रकार परिषद’ आणि ‘प्रसिद्धिपत्रक’ हे चांगले शब्द छापील मजकुरात टिकले. बोलताना मात्र ‘प्रेस घेतली’ आणि ‘प्रेसनोट आली’. स्त्रीलिंगी ‘प्रेस’ म्हणजे परिषद आणि पुल्लिंगी ‘प्रेस’ म्हणजे कारखाना, हा भेद शाळेत कुणी शिकवत नाही, तरी फारसा चुकतही नाही.

हे दोन प्रेस समोरासमोर आले ते २००३ च्या सुमारास. अब्दुल करीम तेलगीच्या बनावट मुद्रांकांचे प्रकरण वर्तमानपत्रांनी लावून धरले, आणि नाशिकच्या प्रेसमधून भंगारात निघालेली यंत्रसामग्री त्याच्या हाती गेल्याचे तपासात पुढे आले. अनामत, प्रतिज्ञापत्र, मुद्रकाचे नाव, असा एवढा सारा बंदोबस्त दीडशे वर्षे खाजगी छापखान्यांभोवती होता. सरकारचे स्वतःचे यंत्र मात्र मागल्या दाराने गेले.

२००६ मध्ये दोन्ही प्रेस सरकारी खात्यातून महामंडळाकडे गेले. १८६७ च्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली. तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि दंडाधिकाऱ्यापुढचे ते जुने प्रतिज्ञापत्र संपले. इंग्रजी नावात ‘प्रेस’ कायम आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवरून मात्र तो उतरत चालला आहे; तिथे आता ‘ऑफसेट’, ‘ग्राफिक्स’, ‘डिजिटल’ असते. ट्रेडल यंत्रे किलोच्या भावाने गेली. दरम्यान, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नाशिकच्या परिसरात वाइनचे कारखाने उभे राहिले, आणि तिथे द्राक्षे पिळण्याच्या यंत्राला प्रेसच म्हणतात. माइन्झच्या कारागिराच्या हाती लागलेला हा सर्वांत जुना अर्थ आमच्या जिल्ह्यात सर्वांत शेवटी पोचला. हंगामात त्या यंत्रावर काम करणाऱ्यांच्या तोंडी तो शब्द आता बसूही लागला असेल. त्यांच्यापैकी कुणी नाशिकरोडला जाऊन ‘मी प्रेसवर असतो’ म्हणाला, तर ऐकणारा आधी विचारील, ‘नोट की सिक्युरिटी?’