गिधाडाचे पंख विमानाला मिळाले, घुबडाचे का नाहीत?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलांत पंखांचे दोन अगदी निराळे नमुने आहेत. एक गिधाडाचा. पंख न हलवता, कमीत कमी श्रमात तासन् तास आकाशात राहण्यासाठी तो घडला आहे. दुसरा घुबडाचा. भक्ष्याला चाहूल न लागू देता त्याच्यावर झेपावणे हे त्याचे काम. विमान बनविणाऱ्या अभियंत्यांना हे दोन्ही गुण एकाच पंखात हवे आहेत, कारण विमान कंपन्यांना इंधन वाचवायचे आहे आणि विमानतळाच्या शेजारी राहणाऱ्यांना रात्री झोप हवी आहे. पहिला गुण त्यांनी बऱ्याच अंशी मिळविला. दुसऱ्याने मात्र त्यांना अजून दाद दिलेली नाही.

उडताना पंखाच्या खालच्या बाजूस हवेचा दाब जास्त आणि वरच्या बाजूस कमी असतो. टोकाशी ही खालची हवा वर निसटते व तिचा भोवरा तयार होतो. हा भोवरा फिरविण्यात उगाचच शक्ती खर्च होते. पंख जितका लांब आणि निमुळता, तितका हा तोटा कमी. समुद्रावर तरंगणाऱ्या अल्बाट्रॉसचे पंख म्हणूनच लांबलचक व अरुंद असतात. गिधाडाला ही चैन परवडत नाही. त्याला झाडांच्या गर्दीत घरटे करायचे असते आणि मेलेल्या जनावरापाशी जमिनीवर उतरून, पोटभर खाऊन, पुन्हा जमिनीवरूनच उडायचे असते. पंखविस्तार दोन मीटरहून अधिक असला, तरी त्याचे पंख रुंद आणि आखूडच म्हणावे लागतील. निसर्गाने यावर तोडगा काढला तो टोकाच्या पिसांत. घिरट्या घालणाऱ्या गिधाडाकडे खालून पाहिले, तर ही पिसे हाताच्या बोटांसारखी फाकलेली व वर वळलेली दिसतात. त्यामुळे एका मोठ्या भोवऱ्याऐवजी अनेक लहान भोवरे निर्माण होतात आणि शक्तीचा अपव्यय घटतो. ड्यूक विद्यापीठाचे व्हान्स टकर यांनी शिकारी पक्ष्याला वाऱ्याच्या बोगद्यात तरंगत ठेवून हे मोजले. टोकाची पिसे कापल्यावर हवेचा अवरोध वाढल्याचे त्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले.

विमानापुढेही गिधाडासारखीच जागेची अडचण आहे. एअरबस ए३२० सारखी विमाने ज्या जागेत उभी राहतात, तेथे पंखांचा विस्तार ३६ मीटरपेक्षा कमी असावा लागतो. पंख लांबवून इंधन वाचवायचे ठरविले, तर विमान उभे कोठे करायचे? अमेरिकेच्या 'नासा'तील रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी १९७० च्या दशकातील तेलटंचाईच्या काळात या प्रश्नाला हात घातला. तरंगणाऱ्या पक्ष्यांच्या टोकाच्या पिसांविषयीचा एक लेख वाचून त्यांना दिशा मिळाली, असे नासाच्याच माहितीत नमूद आहे. पंखाच्या टोकाला उभा वळवलेला लहानसा पंख, म्हणजे 'विंगलेट', त्यांनी १९७६ मध्ये मांडला. १९७९-८० मध्ये केसी-१३५ या लष्करी विमानावर त्याच्या चाचण्या झाल्या. आज नागपूरला ये-जा करणाऱ्या अनेक ए३२० विमानांच्या पंखांची टोके वर वळलेली दिसतात, ती याच विचाराची फळे. त्यांमुळे लांबच्या प्रवासात सुमारे चार टक्के इंधन वाचते, असे एअरबस सांगते. आकडा लहान वाटेल. पण हे विमान दिवसातून पाच-सहा फेऱ्या करते, हे लक्षात घेतले की त्याचे मोल कळते. बोईंगने ७७७-एक्ससाठी निराळा मार्ग धरला. त्याची टोके जमिनीवर दुमडतात आणि ७१.८ मीटरचा विस्तार ६४.८ मीटरवर येतो. या विमानाचे पहिले उड्डाण २०२० मध्ये झाले.

आता घुबड. ब्रिटिश अभ्यासक आर. आर. ग्रॅहम यांनी १९३४ मध्येच घुबडाच्या पंखातील तीन वैशिष्ट्ये नोंदविली होती. पंखाच्या पुढच्या कडेला फणीसारखे दाते, मागच्या कडेला विरळ झालर आणि पृष्ठभागावर मखमलीसारखी लव. दाते हवेचा प्रवाह विंचरून सारखा करतात, लव पिसांच्या घर्षणाचा आवाज गिळते आणि झालर मागच्या कडेवरचा तीव्र ध्वनी बोथट करते. विमानाच्या पंखाचा बराचसा आवाज या मागच्या कडेवरच जन्मतो. उंदराचे कान ज्या तीक्ष्ण स्वरांना तत्पर असतात, नेमके तेच स्वर घुबडाच्या उड्डाणातून गाळले जातात.

ताडोबाच्या तलावाकाठी दिसणारे मत्स्य घुबड या बाबतीत फार बोलके उदाहरण आहे. त्याचे भक्ष्य मासे, खेकडे, बेडूक. पाण्याखालच्या माशाला हवेतली चाहूल लागण्याचा प्रश्न नाही. म्हणूनच इतर घुबडांची ही साधने मत्स्य घुबडात जवळपास नाहीत आणि त्याच्या पंखांची फडफड ऐकू येते. जिथे गरज नाही, तिथे निसर्गाने मौन काढून घेतले. याचा अर्थ मौन फुकट मिळत नाही. खडबडीत, लवदार पंख हवेला अधिक अडवतो. सावकाश आणि जवळच्या पल्ल्यात उडणारे गव्हाणी घुबड हा तोटा सोसू शकते, हजारो किलोमीटर जाणारे विमान नाही.

दुसरी अडचण वेगाची. मागच्या कडेचा आवाज वेगाच्या पाचव्या घाताने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की ध्वनीची शक्ती ३२ पट. घुबड सेकंदाला काही मीटर उडते; प्रवासी विमान उतरतानाही सेकंदाला सुमारे ७० मीटर वेगात असते. शिवाय उतरत्या विमानाचा आवाज केवळ पंखांचा नसतो. खाली आलेली चाके, उघडलेल्या झडपा आणि इंजिने यांचा त्यात मोठा वाटा असतो. मुंबईत कुर्ला-घाटकोपरच्या रहिवाशांना ऐकू येते ते हे सारे एकत्र. पाऊस, धूळ, किडे आणि बर्फ यांत मखमली पृष्ठभाग किती दिवस टिकेल, हाही प्रश्न आहेच.

त्यामुळे घुबडाची विद्या विमानाआधी इतरत्र पोहोचली. जपानमध्ये पक्षिनिरीक्षक अभियंते एइजी नाकात्सु यांनी ५०० मालिकेच्या शिंकान्सेन रेल्वेत वीज घेणाऱ्या दांड्यावर घुबडाच्या दात्यांचे तत्त्व वापरले. ही गाडी १९९७ मध्ये धावू लागली. तिचे नाक खंड्याच्या चोचीवरून बेतले होते, ही गोष्ट अधिक प्रसिद्ध झाली. दांड्याची कथा मात्र मागे पडली. सीमेन्स कंपनीने पवनचक्क्यांच्या पात्यांना मागच्या कडेला दातेरी पट्ट्या बसविल्या आणि पुढे त्यांत घुबडाच्या झालरीसारख्या फण्यांची भर घातली. पवनचक्कीच्या पात्याचे टोक जवळपास उतरत्या विमानाच्याच वेगाने फिरते, म्हणून हा वापर विमान अभियंत्यांना आशा देणारा आहे.

विंगलेटमध्येही एक उणीव राहिली आहे. ते ताठ असते. गिधाड मात्र वाऱ्याच्या प्रत्येक झोतागणिक पिसांचा कोन बदलते. एअरबसने २०१९ मध्ये 'अल्बाट्रॉस-वन' या लहान प्रायोगिक विमानात बिजागरीवर हलणारी टोके तपासली, ती याच दिशेने. हा अभ्यास मृत पक्ष्याच्या पंखावरून पुरा होत नाही. त्यासाठी उडते पक्षी लागतात.

आणि नेमके तेच दुर्मिळ झाले. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची देशातील संख्या १९९० च्या दशकापासून ९९ टक्क्यांहून अधिक घटली. या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली. गडचिरोलीत वन विभागाने गिधाडांसाठी सुरक्षित खाद्याची ठिकाणे चालविली. २०२४ च्या जानेवारीत हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून दहा गिधाडे ताडोबातील बोटेझरी येथे आणण्यात आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवून त्यांना मोकळे सोडण्यात आले. पिंजऱ्यात जन्मलेल्या या पक्ष्यांनी तोवर लांब पल्ल्याचे उड्डाण केलेच नव्हते. त्यांपैकी एक काही महिन्यांत तमिळनाडूपर्यंत जाऊन पोहोचले.