बरगडी आणि प्रतिष्ठा

गेल्या काही वर्षांत पनवेलमध्ये ‘बार्बेक्यू’ हा शब्द चांगलाच रुळला आहे. हॉटेलांच्या पाट्यांवर तो दिसतो. रविवारी गॅलरीत जाळीची शेगडी मांडून बरगड्या भाजणारी नोकरदार कुटुंबेही आढळतात. बर्गर तर शाळकरी मुलांचा खाऊ झाला आहे. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु इतिहासाच्या शिक्षकाला येथे एक प्रश्न पडतो. निखाऱ्यावर भाजलेली बरगडी इंग्रजी नावाने आली की प्रतिष्ठित ठरते, आणि तेच भाजलेले मांस आपल्या वस्तीतल्या नावाने आले की माणूस आवाज खाली का आणतो? या फरकाची मुळे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम बार्बेक्यूचे कुळ पाहू. कॅरिबियन बेटांवरील टाइनो हे मूळ रहिवासी काठ्यांच्या माचावर मांस ठेवून खालच्या धगीवर भाजीत. त्या माचाचे नाव स्पॅनिश लोकांनी ‘बार्बाकोआ’ म्हणून उचलले. पुढे उत्तर अमेरिकेच्या दक्षिण भागात मळेवाल्यांच्या मेजवान्या होऊ लागल्या. त्यांसाठी चर खणणे, लाकडे जाळून निखारा पाडणे आणि रात्रभर जागून आख्खे जनावर भाजणे हे काम काळ्या गुलामांकडे असे. मऊ मांस मालकाच्या ताटात जाई. डोके, पाय, आतडी असे हलके मानलेले भाग गुलामांच्या वाट्याला येत. हाड-स्नायूंचा भाग मोठ्या आचेवर चामड्यासारखा होतो. मंद आचेवर तासन् तास ठेवला तर त्यातील चिवट तंतू विरघळतात आणि मांस हाडापासून सुटते. हे शास्त्र पुस्तकांत येण्यापूर्वी गुलामांच्या हातात होते.

१९ जून १८६५ रोजी टेक्सासमध्ये गुलामांच्या मुक्तीचा हुकूम जाहीर झाला. त्या दिवसाच्या वार्षिक उत्सवात बार्बेक्यू आजही असतो. पुढे काळे मजूर शहरांकडे गेले, तेव्हा ही विद्याही त्यांच्याबरोबर गेली. हेन्री पेरी नावाच्या काळ्या माणसाने १९०८ च्या सुमारास कॅन्सस सिटीत भाजलेले मांस वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून विकण्यास आरंभ केला. आज ते शहर बार्बेक्यूसाठी जगभर ओळखले जाते. बर्गरचे कूळही मजुराचेच. जर्मनीच्या हॅम्बर्ग बंदराचे नाव लागलेला खिमा अमेरिकेत पावात शिरला. १९२१ साली विचिटा शहरात व्हाइट कॅसल हे दुकान निघाले आणि पाच सेंटला एक बर्गर विकू लागले. आपल्याकडे हेच काम मुंबईच्या इराण्याचा खिमा-पाव करीत होता.

या इतिहासाशी आपला संबंध जुना आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये शिकले. १९७२ साली दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. आपण काळ्यांचा लढा वाचला, त्यांच्या कविता वाचल्या. त्यांच्या चुलीकडे मात्र फारसे पाहिले नाही.

आता आपल्या चुलीकडे येऊ. गावगाड्यात मेलेले ढोर ओढून नेणे हे महाराचे वतनी काम होते. मोबदला म्हणून त्याला मांस मिळे. एकाच दिवसात संपणार नाही एवढे मांस घरात आले की त्याच्या लांब पट्ट्या कापीत, मीठ लावीत, दोरीवर उन्हात वाळवीत. याच चान्या. पावसाळ्यात, दुष्काळात, काम नसलेल्या दिवसांत त्या निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खात. माझे वडील बीड जिल्ह्यातून तळोज्याच्या कारखान्यात कामाला आले. चान्यांची चव मला आजीच्या हातची ठाऊक आहे. टंचाईवर मात करण्याची ही पक्की विद्या होती, आणि ती बहुतांशी बायांच्या हातात होती. आतडी धुणे, पट्ट्या पाडणे, कुत्र्या-कावळ्यांपासून राखण करणे हे त्यांचे काम. गॅलरीतल्या शेगडीपाशी आज पुरुष उभा राहतो आणि त्याचे कौतुक होते, हेही येथे नमूद करून ठेवावे.

दोन्हीकडे हलका भाग, निखारा आणि उपाशी माणसाची अक्कल हीच सामग्री होती. मग एकाचा व्यवसाय झाला आणि दुसऱ्याचा कलंक का राहिला? अमेरिकेतील काळ्या माणसावरही घोर अन्याय झाला. त्याच्या विद्येवर इतरांनी पैसा केला. परंतु त्याने भाजलेले मांस गोरा माणूस खात होता. आपल्याकडे जातीने कामाला जन्माशी बांधले, कामाला अन्नाशी बांधले आणि त्या अन्नावरून पुन्हा माणसाला अस्पृश्य ठरविले. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याच्या हातची बरगडी कोण विकत घेणार? आपला हेन्री पेरी जन्मालाच येऊ दिला गेला नाही.

येथे महाडचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. पनवेल आणि महाड त्या काळी एकाच कुलाबा जिल्ह्यात होते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिषदेत मृत जनावरांचे मांस सोडा, उष्टे मागून आणणे बंद करा, असेही बाबासाहेबांनी सांगितले. कित्येक गावांत लोकांनी ढोर ओढण्याचे नाकारले आणि त्यापायी मार व बहिष्कार सोसला. १९२८ साली बाबासाहेबांनी वतनासंबंधी विधेयक मुंबई कायदे कौन्सिलात मांडले; ही वतने कायद्याने नष्ट व्हावयास मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

महाडच्या त्या आदेशाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. तो आदेश मांसाविरुद्ध नव्हता. फुकट मिळणाऱ्या मांसाच्या मोबदल्यात माणूस गावाचा बांधील होतो, त्या सौद्याविरुद्ध तो होता. १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवर लिहिलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी गोमांसाचा प्रश्न इतिहासाचा प्रश्न म्हणून हाताळला. एके काळी ब्राह्मणही गोमांस खात होते. पुढे त्यांनी ते सोडले आणि जे सोडू शकले नाहीत ते अपवित्र ठरले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पावित्र्य हे मांसात नसून सत्तेच्या हिशेबात आहे, हाच त्याचा निष्कर्ष निघतो. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, दारू न पिण्याची आहे. मांस न खाण्याची वेगळी प्रतिज्ञा नाही. विचारपूर्वक शाकाहारी झालेल्या बांधवाचा मी आदर करतो. परंतु शेजाऱ्याच्या भीतीने झालेला शाकाहार हा धम्म नव्हे.

आणि भीतीला कारणे आहेत. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होती; मार्च २०१५ मध्ये ती बैल व वळूंनाही लागू झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले आणि माणसाच्या घरातील खासगीपणाचा हक्क मान्य केला. म्हशी-रेड्यांच्या मांसाला ही बंदी लागू नाही. कायद्याचे हे तपशील आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवेत, कारण अफवा कायद्यापेक्षा वेगाने धावते. पनवेलमध्ये भाड्याने घर शोधताना मला एका सोसायटीत ‘तुम्ही काय खाता?’ असे विचारले गेले. जात विचारण्याची ही आजची सभ्य रीत आहे.

माझ्या वर्गातही तीच गोष्ट दिसते. ‘घरी काय शिजते?’ असे विचारले की आपली मुले ‘डाळ-भात’ म्हणतात. हॉटेलात खाल्लेल्या बरगड्यांचे वर्णन मात्र तीच मुले मोकळेपणी करतात. मग मी त्यांना पोपटीबद्दल विचारतो, आणि सगळा वर्ग बोलू लागतो. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की रायगडात शेताच्या बांधावर मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी भरतात, मडके उपडे करून भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवितात. बार्बेक्यू म्हणून जे विकत मिळते त्याचे हे सख्खे भावंड. पोपटीविषयी अभिमानाने लिहिले-बोलले जाते, चान्यांविषयी नाही. विस्तव तोच, पण भोवती बसणाऱ्यांची जात वेगळी.

हा पदार्थ घरी करणे मुळीच अवघड नाही. खाटकाकडून बोकडाचा सीना बरगड्यांसकट घ्यावा. मीठ, आले-लसूण, मिरची आणि थोडी कच्ची पपई लावून तीन-चार तास ठेवावा. कोळशाचा भडका बसला आणि वर राख धरली की जाळीवर दूर धगीला ठेवून दीड-दोन तास उलटसुलट करावा. चिंच-गुळाचे दाट पाणी शेवटी लावावे, आधी लावल्यास गूळ जळतो. खिम्यात थोडी चरबी राहू द्यावी, तो फार मळू नये, टिक्की तव्यावर भाजून पावात घालावी. परदेशी बाटलीची गरज लागत नाही.

तथापि पाककृती सांगणे हा हेतू नाही. आपल्या कष्टाच्या पैशाने, उघड बाजारातून, आपल्या पसंतीने आणलेले मांस आपल्या घरात शिजविणे हे महाडच्या आदेशाशी सुसंगत आहे. त्याबरोबर त्याचा इतिहासही ताटात वाढला पाहिजे. शर्मिला रेगे यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातून २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींवर पुस्तक निघाले. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले. ही सुरुवात झाली. पण ज्यांच्या हातात ही विद्या होती त्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी या सुटीत वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. मांस कोठून येई, कोण वाटीत असे, वाटणीवरून भांडण झाले की कोणाचे चाले, कोणत्या वर्षी ढोर ओढणे सोडले आणि त्याची किंमत काय मोजली, हे विचारावे. उत्तरे मिळतील ती जशीच्या तशी लिहावीत, सोज्वळ करू नयेत. ज्यांनी मांस सोडले आणि ज्यांनी खाऊन दिवस काढले, ते दोघेही आपल्याच इतिहासाचे नायक आहेत. त्यांच्यापैकी एकाचीही लाज वाटण्याचे कारण नाही.