मोठे काडतूस आणि त्याला पेलणारे पोलाद

१/ रायफलीच्या सामर्थ्याची चर्चा बहुधा गोळीपाशी थांबते. परंतु दारूचा वायू गोळीला पुढे लोटतो, तसाच काडतुसाच्या बुडाला मागेही रेटतो. हा रेटा नेमबाजाच्या चेहऱ्यापासून काही बोटांवर अडवणाऱ्या यंत्रणेला ‘ॲक्शन’ म्हणतात.

२/ जर्मनीतील माउझर कारखान्याची १८९८ ची ॲक्शन लष्करी काडतुसासाठी घडवलेली होती: लांबी सुमारे ८० मिमी, बुडाचा व्यास सुमारे १२ मिमी. बोल्टच्या टोकाचे दोन पोलादी लग दाराच्या अडसरासारखे खाचेत बसत.

३/ हत्ती, गवा यांच्या शिकाऱ्यांना हे काडतूस अपुरे वाटे. १९०९ मध्ये वेस्टली रिचर्ड्सने .४२५ काडतुसाची कडा अंगापेक्षा लहान ठेवली, जेणेकरून ते नेहमीच्या बोल्टात बसावे. १९११ मध्ये रिग्बीने .४१६ साठी माउझरची खास मोठी मॅग्नम ॲक्शन वापरली.

४/ रिग्बीची पुंगळी प्रशस्त होती, त्यामागे कारण होते. कॉर्डाइट दारूचा दाब उष्णतेने वाढे. आफ्रिका-हिंदुस्थानच्या उन्हात तो अती झाला की पुंगळी चेंबरमध्ये अडके. चवताळलेल्या गव्यासमोर दुसरी गोळी न सुटणे म्हणजे मृत्यूच. मोठ्या पुंगळीत दाब माफक राही.

५/ १९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंडचे .३७५ आले: लांबी सुमारे ९१ मिमी, बूड १३.५ मिमी. मॅग्नम ॲक्शन महाग; म्हणून अनेक कारागीर साधी माउझर कोरून लांब करीत. कोरले जाई ते नेमके खालच्या लगला आधार देणारे पोलाद. इकडे बुडाचे क्षेत्रफळ सुमारे पाव हिश्शाने वाढलेले. रेटा वाढला, आधार घटला.

६/ १९५६ मध्ये विंचेस्टरने उलट वाट धरली. .४५८ ची पुंगळीच ६३.५ मिमी ठेवून ती नेहमीच्या लांबीच्या ॲक्शनमध्ये बसवली. मात्र दारू ठासून भरावी लागे. दीर्घ साठवणुकीत तिचे गठ्ठे होऊन बार कमजोर निघाल्याच्या तक्रारी आफ्रिकेतून आल्या.

७/ काडतूस चेंबरमध्ये शिरले म्हणजे ते त्या रायफलीचे झाले, असे नव्हे. लांबी, बूड आणि दाब, तिन्हींचा मेळ बसावा लागतो. म्हणूनच लंडन आणि बर्मिंगहॅमची प्रूफ हाउसे जादा दाबाचा बार उडवून मगच शिक्का मारीत. पुढे कोणी पोलाद कोरून बंदूक दुबळी केली, तर त्या जुन्या शिक्क्याचा भरवसा उरत नसे.

(समाप्त)